मालक बदलला म्हणून ऑडिटर मोकळा होतो का?

पांढरं सोनं

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवतो. एम.कॉम.ची एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी विषय घेऊन आली: उदयोन्मुख देशांत कंपन्यांच्या मालकीची रचना सुधारली, तर ऑडिटरच्या स्वातंत्र्यावर काय परिणाम होतो? तिच्यासाठी म्हणून वाचायला घेतलं आणि मीच अडकलो.

तिने उदाहरण घेतलंय चीनचं. 1990 च्या सुमारास तिथे शांघाय आणि शेन्झेनचे शेअर बाजार सुरू झाले. सरकारी कंपन्या बाजारात उतरवल्या, पण मालकी हातून निसटू नये म्हणून शेअरच्या दोन जाती केल्या. सामान्य लोकांकडचे शेअर बाजारात विकता येत. सरकार आणि सरकारी संस्थांकडचे विकता येत नसत. असे अडकलेले शेअर एकूण शेअरच्या साधारण दोन तृतीयांश होते. एप्रिल 2005 मध्ये तिथल्या बाजार नियामकाने ही भिंत पाडायला घेतली. अडकलेले शेअर बाजारात आले की भाव पडणार, म्हणून मोठ्या धारकांनी छोट्यांना भरपाई द्यायची, सरासरी दर 10 शेअरमागे 3 च्या आसपास. आणि छोट्यांची दोन तृतीयांश मतं मिळाल्याशिवाय योजना पास नाही.

यात ऑडिटर कुठे आला? ज्याला शेअर विकताच येत नाही, त्याला बाजारभावाशी काय देणंघेणं? त्याची कमाई दुसऱ्याच वाटेने. कंपनीचा पैसा आपल्याच दुसऱ्या कंपनीत ‘उसना’ न्यायचा, ताळेबंदात तो ‘इतर येणे’ म्हणून वर्षानुवर्षं पडून राहायचा. अशा मालकाला खमका ऑडिटर कशाला हवा? 2005 नंतर मात्र त्याची संपत्ती शेअरच्या भावाला बांधली गेली. भाव हवा तर लोकांचा विश्वास हवा आणि विश्वास हवा तर ताठ कण्याचा ऑडिटर हवा, असा तर्क.

कागदावर पटतं. पण आपल्याकडच्या जिनिंग, सोसायट्या, झालंच तर आता नव्याने निघालेल्या शेतकरी कंपन्या बघितल्यावर मला शंका येते. जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी ठेचा

काहून राजेहो, चीनचं काय घेऊन बसले? इथं आमच्या सोसायटीचा सचिव दोन महिन्यांपासून सापडून नाही राह्यला. त्याच्यावर काढा ना एखादा धागा.

हिरवी शाई

सर, मी सीए. वर्धा जिल्ह्यात तालुक्याला ऑफिस आहे, 19 वर्षं झाली. तुमचा तर्क अर्धा बरोबर आहे.

ज्याला शेअर विकता येत नाही त्याला खोटा नफा दाखवायची घाई नसते. ज्याला विकता येतो त्याला असते. त्या 2005 च्या योजनेत मोठ्या धारकांना लगेच विक्री करता येत नव्हती. पहिले 12 महिने पूर्ण बंदी. ज्यांच्याकडे 5 टक्क्यांहून जास्त होते त्यांना पुढच्या 12 महिन्यांत कंपनीच्या 5 टक्क्यांपर्यंत आणि 24 महिन्यांत 10 टक्क्यांपर्यंतच विकायची मुभा. आता तुम्ही त्या कंपनीचे ऑडिटर आहात असं समजा. कुलूप उघडायची तारीख सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या आधीच्या मार्चअखेरीला (त्यांचं वर्ष डिसेंबरला संपतं, पण समजून घ्या) मालक तुमच्याशी कसा बोलेल? आधी तो ‘इतर येणे’वर डोळेझाक करायला सांगायचा, आता विक्रीचे आकडे फुगवायला सांगेल. एवढाच फरक.

आणखी एक. चीनमध्येच 1990 च्या दशकाच्या मध्याला ऑडिटचे नवे कडक मानदंड आले. त्यानंतर ऑडिटरने आक्षेपाचे शेरे मारलेले अहवाल जवळपास नऊपट झाले, असं एका गाजलेल्या अभ्यासात आहे. पुढे काय झालं असेल? मोठ्या, कडक फर्मचा बाजारातला वाटा घसरला. कंपन्यांनी शेरा मारणारा सोडला आणि न मारणारा धरला. त्या वेळी मालकी तीच होती, सरकारी. म्हणजे नियम कडक केला तरी निवडणारा तोच असेल, तर तो दार बदलतो.

पांढरं सोनं

नऊपटीचा मुद्दा विद्यार्थिनीला सांगतो, धन्यवाद. पण मग त्या काळात तिथल्या ऑडिट फर्मसुद्धा सरकारी खात्यांच्याच होत्या ना? मालकही सरकार, तपासणाराही सरकार.

हिरवी शाई

हो. बहुतेक फर्म कुठल्या तरी सरकारी खात्याच्या नाहीतर विद्यापीठाच्या पंखाखाली होत्या. 1998-99 पर्यंत त्यांना खात्यांपासून तोडून भागीदारांच्या मालकीचं केलं गेलं. मालकी सुधारणा म्हटलं की आपण कंपनीचाच विचार करतो. ऑडिट फर्मची मालकी कुणाची, हाही तेवढाच मोठा प्रश्न आहे.

जमाखर्च

सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालो. चीनचं मला ठाऊक नाही, पण नेमणूक कोण करतो हा धागा हिरवी शाई यांनी बरोबर पकडलाय, म्हणून लिहितो.

2013 पर्यंत आमच्याकडे सहकारी संस्थेचं ऑडिट निबंधकाच्या अखत्यारीत होतं. खात्याचा माणूस जायचा, नाहीतर निबंधक प्रमाणित लेखापरीक्षक नेमायचे. मी एका खरेदी-विक्री संघाच्या गोदामात गेलो होतो. साल नाही सांगत. युरियाची पोती मोजली, रजिस्टरपेक्षा 40 कमी. अध्यक्ष म्हणाले, “साहेब, उंदरांनी नेली.” मी म्हटलं, “पोत्यासकट?” हसले, चहा मागवला. मी विशेष अहवाल दिला. आठ महिन्यांनी माझी बदली झाली, थेट गडचिरोलीकडे. दोन्हींचा संबंध होता असं मी सिद्ध करू शकत नाही, आणि आता करायचंही नाही. पण एक होतं. अध्यक्षाला मला काढता येत नव्हतं. त्याला मुंबईपर्यंत जाऊन कुणाकडे तरी शब्द टाकावा लागला. तेवढे आठ महिने मी तिथे होतो, आणि त्या आठ महिन्यांत अहवाल गेला.

मग 97 वी घटनादुरुस्ती आली, फेब्रुवारी 2012 पासून लागू. तिच्यामागचा विचार चांगला होता. सहकारी संस्था सभासदांच्या आहेत, सरकारने लुडबुड कमी करावी. त्याला धरून 2013 मध्ये आपला 1960 चा सहकार कायदा बदलला. ऑडिटर आता वार्षिक सर्वसाधारण सभा नेमते, शासनाने मंजूर केलेल्या नामिकेतून, म्हणजे यादीतून. एकाच संस्थेत सलग तीन वर्षांहून जास्त नाही. पुढे 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनादुरुस्ती राज्यातल्या संस्थांपुरती रद्द केली, कारण राज्यांची संमती घेतली नव्हती. पण आपल्या राज्याने केलेला बदल राहिला.

मालकी आधीही सभासदांचीच होती. बदलला तो नेमणारा. सरकारऐवजी मालक आला, म्हणजे सुधारणाच की. निवृत्तीनंतर माझं नाव त्या नामिकेत लागलं. पहिला फोन एका संस्थेच्या सचिवाचा. “काका, सभेचा ठराव लिहूनच ठेवलाय, तेवढी नावाची जागा रिकामी आहे. तुमचं टाकू का?” सभा व्हायला अजून 12 दिवस होते!

तीन वर्षांच्या नियमाचंही तेच. तीन वर्षं मी, मग तीन वर्षं माझा मित्र, मग परत मी. मी ते केलं नाही, पण करणारे पाहिलेत. निबंधकाला चाचणी लेखापरीक्षणाचा अधिकार आजही आहे, पण हजारो संस्था, हाताखाली माणसं किती?

वऱ्हाडी ठेचा

काका, उंदरानं पोतं नेलं 😂 आमच्याकडं डीएपी घुशीनं खाल्लं होतं. एकदम खरं सांगून राह्यलो.

पण मले एक सांगा. सभा नेमते म्हणता. सभेला जातो कोण? आमच्या सोसायटीच्या सभेची नोटीस भिंतीवर लागते, तीबी आतून. हजेरी बुकात सह्या घरी येऊन घेते शिपाई. मालक आम्ही, बरोबर. पण मालक सभेच्या दिवशी निंदणाले गेला असते ना बाप्पा.

डोंगरी बुजुर्ग

तुमसर तालुक्यातला. आमच्याकडे मॅंगनीजची खाण आहे, वडील तिथे होते. ती मॉइल या सरकारी कंपनीची. तिचं उदाहरण या चर्चेत बसेल असं वाटतं.

कंपनी 1896 सालची, इंग्रजांची. नंतर सरकारकडे आली. डिसेंबर 2010 मध्ये शेअर बाजारात उतरली, 375 रुपयांना शेअर. केंद्राने 10 टक्के विकले, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकी 5. वडिलांनी कर्मचाऱ्यांच्या कोट्यातून थोडे घेतले होते आणि तेव्हापासून ते रोज पेपरात भाव बघायचे. खाणीत 30 वर्षं काढलेला माणूस ताळेबंद मागवून वाचायला लागला. ही मालकी सुधारणाच म्हणायची ना?

पण ऑडिटर कोण नेमतं, तर दिल्लीतून कॅग, म्हणजे देशाचे महालेखापरीक्षक. कंपनीत सरकारचा हिस्सा 51 टक्के किंवा जास्त असेल तोवर ती सरकारी कंपनी, आणि तिचा ऑडिटर कॅगच नेमणार. वडिलांकडे शेअर आले, ऑडिटर निवडायला हात वर करायची पाळी कधी आली नाही.

वणीचा पुणेकर

+1. आमच्या वणीत वेकोलिच्या खाणी, म्हणजे कोल इंडियाच. नोव्हेंबर 2010 मध्ये तिचे शेअर बाजारात आले, 10 टक्के, 245 रुपये दराने. 15,000 कोटींहून जास्त रक्कम उभी राहिली. त्यानंतरही सरकारने टप्प्याटप्प्याने विकत आणलं, आता सरकारकडे 63 टक्क्यांच्या आसपास उरले. ऑडिटरच्या नेमणुकीत 100 वरून 63 वर आल्याने काडीचा फरक नाही. 51 च्या खाली जाऊन ताबाही सुटला की सगळं बदलतं. एअर इंडियाचं 27 जानेवारी 2022 ला तेच झालं. टाटांकडे गेली, कॅगचा विषय संपला.

म्हणून सर, विद्यार्थिनीला सांगा की ‘मालकी सुधारणा’ हा एकच शब्द वापरू नको. थोडे शेअर विकणं वेगळं, ताबा सोडणं वेगळं, आणि अडकलेले शेअर मोकळे करणं तिसरंच.

मी पुण्यात एका मोठ्या ऑडिट फर्ममध्ये नोकरीला आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही. पण मालकी विखुरली की ऑडिटर आपोआप मोकळा होतो, असं मानणाऱ्यांनी सत्यम ही सॉफ्टवेअर कंपनी आठवावी. जानेवारी 2009 मध्ये अध्यक्षाने स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, 7,000 कोटींच्या वरचा घोळ. प्रवर्तकांचा हिस्सा तोवर एक आकडी टक्क्यांवर आलेला. बाकी सगळे शेअर लोकांकडे, देशी-परदेशी फंडांकडे, अमेरिकेच्या बाजारातही. एवढे मालक असून बँकेतल्या ठेवी खऱ्या आहेत का हे कुणी विचारलं नाही. दहा हजार मालक म्हणजे कधी कधी एकही मालक नाही.

वऱ्हाडी ठेचा

हेच तर मी सांगून राह्यलो भाऊ. फक्त माह्या सोसायटीत अमेरिका नाही.

तूरडाळ

बऱ्याच दिवसांनी लिहिते. हिंगणघाटकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत संचालक आहे. 412 सभासद. तूर-चना खरेदी, थोडी डाळ मिल, बियाणं.

पांढरं सोनं सरांची पहिली पोस्ट वाचून मी उठून आमच्या कंपनीची नियमावली काढली. सर, चीनमधले 2005 च्या आधीचे ते अडकलेले शेअर म्हणजे आमचेच शेअर!

उत्पादक कंपनीचा शेअर बाजारात विकता येत नाही. द्यायचा तर दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, तोही दर्शनी किमतीला, संचालक मंडळाच्या परवानगीने. 10 रुपयांचा शेअर 10 रुपयेच राहणार. कंपनी चांगली चालली तरी 10, बुडाली तर शून्य. मत मात्र प्रत्येकाला एक, शेअर 5 असोत की 500. हे मुद्दामच केलंय, नाहीतर व्यापाऱ्याने शेअर गोळा करून कंपनी घशात घातली असती. मला ते पटतं. पण याचा दुसरा अर्थ आजवर लक्षात आला नव्हता. आमच्या सभासदाला ताळेबंद बघायचं कारणच नाही. त्याचा फायदा तुरीला मिळालेल्या जास्तीच्या 100 रुपयांत. तो खरेदी केंद्रावर वजनकाटा डोळ्यांत तेल घालून बघतो, ऑडिट रिपोर्ट कशाला बघेल?

मग आमचा ऑडिटर कुणासाठी काम करतो? सांगते. 2020 च्या 10,000 एफपीओंच्या (शेतकरी उत्पादक संस्थांच्या) सरकारी योजनेतली आमची कंपनी. पहिल्या तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी 18 लाखांपर्यंत मदत, आणि सभासदाच्या भागभांडवलाला जोड म्हणून प्रत्येकी 2,000 पर्यंत, जास्तीत जास्त 15 लाख. आम्हाला उभं करायला जी संस्था नेमली होती, तिनेच सीए आणला. तोच जीएसटी भरतो, त्याच्याच ऑफिसातला मुलगा टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) नोंदी करतो, तोच मार्चनंतर सही करतो. हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकाच टेबलावर.

हिरवी शाई भाऊ, हे चालतं का? खरं सांगा.

हिरवी शाई

ताई, नाही चालत. कंपनी कायदा 2013, कलम 144. वैधानिक ऑडिटरला त्याच कंपनीची हिशेब लिहिण्याची सेवा देता येत नाही, अंतर्गत ऑडिटही करता येत नाही. उत्पादक कंपनीला अंतर्गत ऑडिट सक्तीचं आहे, सीएकडून. म्हणजे तुम्हाला नियमाने दोन वेगळे सीए लागतात आणि हिशेब लिहायला तिसरा माणूस.

आणि खरं सांगा म्हणालात, तर ऐका. माझ्याकडे दोन कंपन्या होत्या जिथे मीही हेच केलं. 40 लाखांची उलाढाल, ऑडिटची फी 15,000. त्यात तीन माणसं कुठून आणणार? एक कंपनी मी सोडली, दुसरीला स्वतःचा अकाउंटंट ठेवायला लावला. त्याला दोन वर्षं लागली.

मोठ्या कंपन्यांसाठी जे पहारे आहेत ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. पाच वर्षांनी (फर्म असेल तर दहा) ऑडिटर बदलायची सक्ती शेअर बाजारातल्या आणि ठरावीक भांडवल किंवा कर्जाच्या वरच्या कंपन्यांना. ऑडिटरांवर देखरेख करणारं 2018 पासूनचं एनएफआरए मोठ्यांवरच नजर ठेवतं. मुदतीआधी ऑडिटर काढायचा तर विशेष ठराव आणि केंद्र सरकारची परवानगी लागते, हे तुम्हालाही लागू आहे. पण काढतं कोण? फी थकवतात. मग ऑडिटर स्वतःच राजीनामा देतो, फॉर्ममध्ये कारण लिहितो ‘इतर कामाच्या व्यापामुळे’. मी असे फॉर्म वाचलेत. सगळ्या सीएंना एकाच महिन्यात व्याप कसा वाढतो ते कळत नाही.

जमाखर्च

“हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकाच टेबलावर” हे वाक्य मी 30 वर्षं शोधत होतो.

पांढरं सोनं

ताईंच्या पोस्टनं माझी गाठ सुटली. चीनमध्ये शेअर मोकळे केले म्हणून काही मालक हिशेब वाचायला लागले. उत्पादक कंपनीत शेअर मोकळे करता येणार नाहीत, करूही नयेत. मग हिशेब खरा हवा अशी गरज असलेला दुसरा कोण आहे?

वणीचा पुणेकर

कर्ज देणारा. नाबार्डची नॅबकिसान किंवा कुणीही. अनुदानवाल्याला उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावर खर्चले असा दाखला) मिळालं की तो फाइल बंद करतो. कर्जवाल्याचे पैसे परत यायचे असतात. ज्या एफपीओने खेळतं भांडवल कर्जाऊ घेतलं, तिचे हिशेब बरे असतात, हे मी माझ्या भावाच्या कंपनीत पाहिलंय.

तूरडाळ

कर्ज घेऊन स्वतःवर पहारेकरी नेमायचा, हे जरा विचित्रच. पण आमचा अर्ज खरंच टाकलाय, डाळ मिलसाठी.

वऱ्हाडी ठेचा

ताई, मी एका कंपनीचा सभासद आहो. तुमची नाही, दुसरी. तूर केंद्रावर नेली की पैसे सात दिवसांत येतेत, माह्यासाठी कंपनी चांगली. ताळेबंद मले इंग्रजीत व्हाट्सअपवर येते, 22 पानं, पीडीएफ. माहा पोरगा बारावी कॉमर्स, त्याले म्हटलं वाच. तो म्हणे बाबा, यातलं नोट नंबर 14 समजत नाही. मी म्हटलं, मलेबी. मंग दोघं तूर भरायले गेलो.

हिरवी शाई

ठेचा भाऊ, नोट 14 मध्ये काय होतं ते बघा परत. मस्करी नाही करत.

वऱ्हाडी ठेचा

“अदर रिसीव्हेबल्स”.

पांढरं सोनं

😐

हिरवी शाई

म्हणजेच ‘इतर येणे’. लगेच घोटाळा समजू नका, जीएसटीचा परतावा किंवा अनुदानाची बाकीही तिथे असू शकते. पण कुणाकडून येणे आणि किती दिवसांपासून, एवढं विचारा.

ताई, तुमच्यासाठी दोन कलमं. 142 म्हणतं की ऑडिटरची फी सर्वसाधारण सभा ठरवते, किंवा कशी ठरवायची ते सभा ठरवते. आणि 146 प्रमाणे ऑडिटरने सभेला स्वतः यायचं, नाहीतर पात्र प्रतिनिधी पाठवायचा, कंपनीने सूट दिली नसेल तर. सूट दिलीय का बघा. तो समोर असताना माईक हातात घ्या.

तूरडाळ

सभा परवा झाली. उशिरा लिहिते, फवारणी सुरू होती.

गणपूर्तीला एक चतुर्थांश सभासद लागतात, म्हणजे 103. आले 117, कारण बियाण्याचं वाटप त्याच दिवशी ठेवलं होतं (ती माझी आयडिया). सीए साहेब आले. पहिल्यांदाच आले, तीन वर्षांत. अध्यक्ष दादांनी ठराव वाचला, “ऑडिटरची फी मंडळ ठरवेल.” मी उठून म्हटलं, दादा, आकडा वाचा. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका म्हाताऱ्या आजीने मागून आवाज दिला, “वाच ना बाप्पा, आमचेच पैसे हाये.” आकडा वाचला. 18,000, त्यात जीएसटीचे रिटर्न आणि हिशेब लिहिणं धरून.

मी सीए साहेबांना विचारलं, हिशेब लिहिण्याचे यात किती? ते म्हणाले, वेगळे काढलेले नाहीत. चिडले नाहीत, उलट म्हणाले की तुम्ही स्वतःचा मुलगा ठेवला तर मलाच बरं. पुढच्या महिन्यापासून गावातली बी.कॉम. झालेली एक मुलगी अर्धवेळ टॅली लिहिणार, 6,000 रुपये महिना. मंडळात सात जणांनी हो म्हटलं, तिघे गप्प. तिघांपैकी एक माझे चुलत दीर आहेत, त्यामुळे घरी सध्या चहा थंड मिळतो.

अंतर्गत ऑडिटचा सीए अजून मिळाला नाही. हिरवी शाई भाऊ, तुम्ही करता का? फी कमी आहे, आधीच सांगते.

हिरवी शाई

ताई, व्यनि (खासगी निरोप) केलाय.